बोलणारी मगर, गप्प लांडगा

१ फेब्रुवारी १९२८ च्या 'प्रावदा'मध्ये एका मगरीवर टीका छापून आली. टीका करणारी बाई साधीसुधी नव्हती. नादेज्दा क्रुप्स्काया म्हणजे लेनिनची पत्नी. लेनिन जाऊन चार वर्षं झाली होती आणि सोव्हिएत शिक्षणखात्यात तिच्या शब्दाला वजन होतं. मगर होती कोर्नेय चुकोव्स्कीची. 'क्रोकोदिल' हे त्याचं लांबलचक बालकाव्य दहा-अकरा वर्षांपूर्वीचं, क्रांतीच्या उंबरठ्यावरचं. त्यातली मगर पेत्रोग्राडच्या रस्त्यावरून सिगारेट ओढत फिरते, पोलिसाला गिळते आणि वान्या नावाचा एक चिमुरडा खेळण्यातली तलवार घेऊन तिला वठणीवर आणतो. पोरांना ते तोंडपाठ होतं.

क्रुप्स्कायाचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांना मगरीबद्दल कुतूहल असतं. ती कुठे राहते, काय खाते, कशी पोहते हे सांगण्याची संधी होती. त्याऐवजी त्यांना काय मिळालं, तर सिगारेट ओढणारी मगर! हसता हसता मुलाच्या डोक्यात खोटी माहिती जाते आणि तिच्याबरोबर आणखीही बरंच काही जातं, बूर्झ्वा गाळ जातो. असलं पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये.

आज हे वाचून हसू येतं. पण मला तरी ही तक्रार अगदीच वेडगळ वाटत नाही. चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं हे ऐकतच आपण सगळे वाढलो. तरी आज शहरातल्या कितीतरी मुलांना पुस्तकातला टोपीवाला अस्वल ठाऊक असतो आणि खरं अस्वल कसं चालतं ते ठाऊक नसतं. प्राणी हा बालपुस्तकांतला सर्वात स्वस्त नट आहे. त्याला कपडे चढवा, शाळेत पाठवा, दात घासायला लावा, तो तक्रार करत नाही. या नटाला त्याचं स्वतःचं काही आयुष्य आहे का, हा प्रश्न क्रुप्स्कायाने विचारला, आणि तो रास्त होता. अडचण एवढीच की तिने तो 'प्रावदा'त विचारला. त्या देशात त्या वर्तमानपत्रात विचारलेला प्रश्न हा प्रश्न राहत नसे.

त्या काळी रशियात 'पेडॉलॉजी' नावाचं एक शास्त्र जोरात होतं. मुलाचं मन मोजायचं, वयाप्रमाणे त्याला काय द्यायचं ते ठरवायचं, असा त्याचा बाणा. नवा माणूस घडवायचा तर त्याच्या डोक्यात भुतंखेतं, राजकन्या आणि बोलकी जनावरं कशाला? शिक्षण-कमिसारिअटच्या समित्या पुस्तकं चाळत होत्या आणि एकामागून एक परवानग्या अडत होत्या. सहा आठवड्यांनी, १४ मार्चला, इटलीत राहणाऱ्या गॉर्कीने चुकोव्स्कीच्या बाजूने 'प्रावदा'लाच पत्र पाठवलं. त्याने वादळ किंचित शमलं, थांबलं नाही. १९२९ च्या शेवटी चुकोव्स्कीने आपल्या परीकथा जुन्या झाल्या, आता आपण वेगळं लिहू, अशी जाहीर कबुली दिली. दोन वर्षांनी त्याची मुलगी मूरा क्षयाने गेली, अकरा वर्षांची होती. त्याच्या अनेक बालकवितांची ती पहिली श्रोती. ती कबुली देऊन आपण पाप केलं आणि हे त्याचंच फळ, असं त्याला वाटत राहिलं.

चुकोव्स्कीने पुढे 'दोन ते पाच' या आपल्या पुस्तकात एक हकीकत दिली आहे. एका पेडॉलॉजिस्ट बाईने आपल्या मुलाला परीकथांपासून निग्रहाने दूर ठेवलं. बोलणारं एकही जनावर त्याच्या कानावर पडू दिलं नाही, सगळं कसं वास्तव. आणि रोज त्याच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदीच तिच्यावर उलटल्या. कारण पोराने काय करावं? त्याच्या खोलीत एक लाल हत्ती राहायला आला. मग कोरा नावाची अस्वलीण आली. कुणी खुर्चीवर बसायला लागलं की तो ओरडायचा, तिथे नका बसू, तिथे कोरा बसली आहे. बाई हे सगळं इमानाने लिहून ठेवत होत्या.

तर जनावरांनी बोलावं की नाही, या वादात एका बाजूला शिक्षणखातं होतं आणि दुसऱ्या बाजूला अस्वलीण कोरा. पण मला सांगायचं आहे ते त्या दोघांच्या मधून वाट काढणाऱ्यांविषयी. ती वाट शब्दांची नव्हती, चित्रांची होती.

*

लेनिनग्राडच्या नेव्हस्की रस्त्यावर २८ क्रमांकाची एक देखणी इमारत आहे. माथ्यावर काचेचा गोल. आपल्या आज्या ज्या सिंगर मशीनवर परकर शिवायच्या, त्याच सिंगर कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आपल्या रशियन कारभारासाठी बांधली. क्रांतीनंतर तिथे सरकारी प्रकाशनसंस्था आली आणि वरच्या एका मजल्यावर तिचा बालविभाग थाटला गेला. मजकुराची बाजू सामुईल मार्शाक बघायचा, चित्रांची व्लादिमीर लेबेदेव. मार्शाक कवी, महायुद्धाआधी दोन वर्षं लंडनमध्ये शिकायला होता आणि तिथली बडबडगीतं डोक्यात घेऊन परतला होता. लेबेदेव चित्रकार, क्रांतीनंतरच्या वर्षांत रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांमध्ये लावायची राजकीय पोस्टर्स केलेला. अक्षरओळख नसलेल्या माणसाला लांबून, एका नजरेत कळेल असं चित्र काढायचं, ही त्याची तालीम. तीन वर्षांचं मूल म्हणजे दुसरं कोण असतं?

१९२२ साली लेबेदेवने एक पुस्तक केलं होतं: 'स्लोन्योनोक', म्हणजे हत्तीचं पिल्लू. मजकूर किपलिंगचा, हत्तीला सोंड कशी मिळाली ती गोष्ट. भाषांतर पुन्हा चुकोव्स्कीचं. किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, वडील तिथे शिकवत. पुढे वडिलांनी भारतातल्या माणसांवर आणि जनावरांवर सचित्र ग्रंथ लिहिला. मुलाने १९०२ मध्ये आपल्या प्राणिकथांसाठी चित्रंही स्वतःच काढली. काळ्या शाईची, बारीकसारीक गमतींनी खच्चून भरलेली. लेबेदेवने ती सगळी गर्दी उडवून लावली. पांढरंशुभ्र पान आणि त्यावर काळ्या-करड्या सपाट आकारांतून जोडलेला हत्ती. जमीन नाही, आकाश नाही, झाड असलंच तर एखादं. हत्ती कपडे घालत नाही, हसत नाही. तो फक्त वजनदार आहे. कागदावर ते वजन जाणवतं.

इथे एक गंमत ध्यानात घ्यायला हवी. गोष्टीतला हत्ती अखंड बडबड करतो, प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावून सोडतो. चित्रातला हत्ती मात्र हत्ती आहे. शब्दांनी माणसाळवलेलं जनावर चित्र परत जंगलात नेऊन सोडतं. पुढची दहा-पंधरा वर्षं लेनिनग्राडच्या चित्रकारांनी जे केलं त्याचं बीज मला इथे दिसतं.

मार्शाकच्या 'देत्की व् क्लेत्के' या पुस्तकाची जन्मकथाही अशीच उलटी. नावाचा अर्थ पिंजऱ्यातली बाळं. हे पुस्तक १९२३ मध्ये निघालं तेव्हा त्यातली चित्रं सेसिल आल्डिन या इंग्रज चित्रकाराची, आधीच काढलेली होती. मार्शाकने चित्रं समोर ठेवून त्यांना चार-चार ओळी लिहिल्या. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यावर पाटी असते ना, तशा. कुठे झेब्य्राच्या अंगावर शाळेच्या वहीसारख्या रेघा, कुठे वाघाचं पिल्लू स्वतःच तोंड उघडून पाहुण्यांना दटावतं. प्रकाशक होता 'रादुगा', म्हणजे इंद्रधनुष्य; लेव क्ल्याच्को नावाच्या जुन्या पत्रकाराची ती खासगी संस्था. लेनिनच्या नव्या आर्थिक धोरणाच्या सवलतीत १९२२ साली ती उगवली आणि १९३० मध्ये सवलतींबरोबर मावळली. तेवढ्या आठ वर्षांत तिने जी बालपुस्तकं काढली, ती आज संग्रहालयांत काचेखाली आहेत. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

*

१९२७ च्या आसपास लेबेदेवकडे एक तरुण आला. येवगेनी चारुशिन. जन्म १९०१ चा, व्यात्का या उत्तरेकडच्या जंगलवेढ्या शहरातला. वडील तिथले नामांकित वास्तुशिल्पी, आईला बागेचा आणि जनावरांचा नाद. घरात डुकराची पिल्लं, ससे, कोंबड्या, मांजरं, पंख मोडलेली पाखरं. बोब्का नावाचा तीन पायांचा कुत्रा हा त्याचा जिवलग. शेजारी पेंढा भरून प्राणी बनवणाऱ्याचं दुकान. तिथे तासन् तास बसायचं. वाचायला ब्रेमचे जाडजूड प्राणिकोश. मग लाल सैन्यात काही वर्षं, मग पेत्रोग्राडची कला अकादमी. अकादमीत जे शिकवलं ते उपयोगी पडलं नाही, अशा अर्थाचं बरेच चित्रकार म्हणतात. चारुशिनच्या बाबतीत ते खरं असावं, कारण त्याची चित्रं बघून अकादमी आठवत नाही, बोब्का आठवतो.

लेबेदेवने त्याला शिळेवर बसवलं. म्हणजे शब्दशः. त्या काळी ही पुस्तकं शिळाछापाने निघत. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या देव्या मुंबईतून आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीहून याच पद्धतीने घराघरात गेल्या. गुळगुळीत घासलेला चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी मुरतं, तेलकट रेघ पाणी झटकते. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं. एरवी चित्रकार कागदावर चित्र काढून मोकळा होई आणि छापखान्यातला कारागीर ते दगडावर उतरवी. लेनिनग्राडच्या मंडळींनी हा मधला माणूस काढून टाकला. चित्रकाराने स्वतः छापखान्यात जायचं, स्वतः दगडावर काढायचं. त्यामुळे काही कोपेकांना मिळणाऱ्या, पिनांनी टाचलेल्या पातळ पुस्तकात मुलाच्या हाती जे पडे ती नक्कल नसे. हजारो प्रतींतली प्रत्येक प्रत मूळ चित्रच.

आणि या दगडाने चारुशिनला त्याची गोष्ट सापडवून दिली: लव. दगडाला बारीक रवाळपणा असतो. खडू अलगद फिरवला की रेघ तुटत, ठिपक्याठिपक्यांनी उमटते. लेबेदेव त्या दगडावर कडा शोधत होता. चारुशिनने कडाच सोडून दिली. त्याच्या अस्वलाच्या पिल्लाला बाह्यरेषा नाही. आतून दाट काळोख सुरू होतो आणि बाहेर येता येता विरळ होत कागदाच्या पांढऱ्यात विरतो. बोट ठेवलं तर मऊ लागेल असं वाटतं. लहान मुलं खरोखरच ठेवतात. जुन्या प्रतींवर नेमक्या त्या जागा मळलेल्या सापडाव्यात. शिवाय पिल्लाचं पिल्लूपण त्याने अचूक पकडलं आहे. डोकं मोठं, पाय एकमेकांत अडकणारे, कान अजून आपलेसे न झालेले. आणि डोळ्यांत एक भाव, ज्याला मी 'गोड' म्हणणार नाही. ते डोळे आपल्याकडे बघून लाडात येत नाहीत. ते अंदाज घेत असतात.

त्याच्या पहिल्या कामांतलं एक म्हणजे वितालि बिआंकीच्या 'मुर्झूक' या गोष्टीची चित्रं. बिआंकी पक्षिशास्त्रज्ञाचा मुलगा. वडील विज्ञान अकादमीच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करत. मुर्झूक हा लिंक्स, म्हणजे कानांवर केसांचे झुपके असणारं उत्तरेचं मोठं रानमांजर. एक म्हातारा वनरक्षक त्याला पिल्लू असताना घरी आणतो, दोघांचा लळा जमतो. मग एक माणूस त्याला प्राणिसंग्रहालयासाठी घेऊन जातो. मुर्झूक पिंजऱ्यातून सुटून म्हाताऱ्याकडे परततो. गोष्टीत तो एक शब्दही बोलत नाही. मार्शाकच्या आग्रहावरून चारुशिन स्वतःही लिहू लागला. त्याचं लिखाण शिकाऱ्याच्या बोलण्यासारखं आहे, तुटक आणि नेमकं. १९३१ च्या 'वोल्चिश्को'त लांडग्याची आई शिकारीला गेलेली असते, एक माणूस येतो, पिल्लाला पोत्यात घालतो आणि शहरात आणतो. पुढे 'त्यूपा' नावाचं मांजराचं पिल्लू येतं. नाव त्यूपा का, तर नवल वाटलं की ते ओठ हलवून तसा आवाज करतं म्हणून. एवढ्यावर एक अख्खं पात्र उभं राहतं. टोपी नाही, छत्री नाही, शाळा नाही.

क्रुप्स्कायाला हवं होतं ते हेच का? वरकरणी होय. खोटं काही नाही, जनावर जनावरासारखं वागतं, मुलाला माहिती मिळते. प्राणिकथेवर बंदी नको असेल तर ती अशी लिहा, असा सोयीचा हिशेब प्रकाशनसंस्थेत झालाही असेल. पण पुस्तक उघडून बसलं की हा हिशेब पुरा पडत नाही. पोत्यातून बाहेर आलेलं ते पिल्लू बघताना मूल लांडग्याविषयी माहिती गोळा करत नाही, ते लांडगा होतं. समितीने शब्दांतलं बोलणं बंद केलं होतं; नजरेला कोण अडवणार? त्या पेडॉलॉजिस्ट बाईच्या मुलाला हे पुस्तक मिळालं असतं तर कोराला बहुधा एक भाऊ मिळाला असता.

*

मग वारा फिरला. सप्टेंबर १९३३ मध्ये पक्षाने ठराव करून बालसाहित्याची स्वतंत्र प्रकाशनसंस्था काढली, आणि परीकथा पुन्हा चालतील अशी चिन्हं दिसू लागली. १९३४ च्या लेखक-संमेलनात मार्शाकने बालसाहित्यावर मोठं भाषण केलं. ४ जुलै १९३६ रोजी तर पेडॉलॉजी हे शास्त्रच एका फर्मानाने रद्द झालं. ज्यांनी मगरीला गप्प केलं त्यांची स्वतःचीच दुकानं बंद. चुकोव्स्कीला त्यात समाधान वाटलं असेल, तर ते फार टिकण्यासारखं नव्हतं.

कारण त्याच वर्षी १ मार्चला 'प्रावदा'त आणखी एक लेख आला होता. या वेळी रोख चित्रकारांवर. मथळ्यातच त्यांना रंग फासणारे म्हटलेलं. मुख्य आरोपी लेबेदेव, निमित्त मार्शाकच्या कवितांसाठी त्याने केलेली चित्रं. आठ वर्षांपूर्वी गुन्हा हा होता की प्राणी खरा नाही. आता गुन्हा हा होता की आकार खरा नाही. ही वेडीवाकडी, मुलांना भिववणारी चित्रं म्हणजे फॉर्मॅलिझम. लेबेदेव त्यानंतर आणखी तीस वर्षं जगला, काम करत राहिला, नीटस, गोलाकार, रंगीत चित्रं काढत राहिला. ती वाईट नाहीत. पण १९२२ चा हत्ती ज्याने पाहिला आहे त्याला ती चित्रं बघवत नाहीत. निदान मला नाही.

लेबेदेववर शब्दांतच भागलं. वेरा येर्मोलायेवाचं तसं झालं नाही. ती याच गटातली, मालेविचबरोबर वितेब्स्कच्या कलाशाळेत काम केलेली, लहानपणी घोड्यावरून पडून पाय निकामी झालेली, कुबड्यांवर चालायची. बालपुस्तकांत तिचा हात लेबेदेवच्या तोडीचा. १९३४ मध्ये ती गटेच्या 'राइनेके' कोल्ह्यावर चित्रमालिका करत होती. सिंहाचा दरबार, आणि आपल्या जिभेवर तगून राहणारा कोल्हा. करटक-दमनक माहीत असणाऱ्याला या दरबाराची ओळख करून द्यायला नको. त्या वर्षीच्या डिसेंबरात तिला अटक झाली आणि सप्टेंबर १९३७ मध्ये कझाकस्तानातल्या छावणीत गोळी घातली गेली. बालविभागाची 'योझ' आणि 'चिझ' अशी दोन मासिकं होती. एकाचा अर्थ साळू, दुसऱ्याचा एक छोटा पिवळा पक्षी. त्यांत लिहिणारा, संपादन करणारा निकोलाय ओलेयनिकोव त्याच वर्षी मारला गेला. त्या शरद ऋतूत सिंगर इमारतीतला विभाग मोडला: संपादिका तामारा गाब्बे आणि अलेक्सांद्रा ल्युबार्स्काया यांना अटक झाली, चुकोव्स्कीची मुलगी लीदिया हिची नोकरी गेली, तिचा नवरा, मुलांसाठी विज्ञान लिहिणारा भौतिकशास्त्रज्ञ मात्वेय ब्रॉन्स्टाइन, फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळी घालून संपवला गेला. मार्शाक मॉस्कोला निघून गेला. बिआंकीला त्याआधीच अनेकदा अटक आणि हद्दपारी भोगावी लागली होती.

चारुशिन वाचला. का वाचला, याला त्याची पुस्तकं हे उत्तर द्यायचा मोह होतो. गप्प जनावरं काढणारा गप्प माणूस, त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मला हे उत्तर पटत नाही. त्या वर्षांत कोण वाचलं आणि कोण नाही याला तर्क लावायला गेलं की मेलेल्यांनी काहीतरी चूक केली असं आपोआप निघतं. येर्मोलायेवाने कोल्हा काढला म्हणून ती मेली नाही आणि चारुशिनने अस्वल काढलं म्हणून तो जगला नाही. दुसरा मोह आणखी चतुर आहे. पोत्यातला लांडगा, पिंजऱ्यातली बाळं, हे सगळं त्या काळाचं रूपक समजायचं. तेही नको. चारुशिन शिकारी होता, पिल्लं घरी आणून सांभाळणारा होता. त्याचं पोतं हे पोतंच. त्याची पुस्तकं आज वाचवतात ती याचमुळे, की त्यांच्यामागे दुसरा अर्थ लपून बसलेला नाही. सगळीकडे शब्दांना दोन-दोन अर्थ असताना एक माणूस लांडग्याला लांडगा म्हणत होता, हेच केवढं तरी होतं. पण हेही खरं, की त्याच्या शेजारची टेबलं रिकामी होत होती आणि तो त्यूपाच्या मिशा काढत होता. त्याला ते दिसत नसेल असं मानायला काही आधार नाही.

*

१९३५ मध्ये मार्शाकच्या 'पिंजऱ्यातल्या बाळां'ना चारुशिनची चित्रं मिळाली आणि आल्डिन विसरला गेला. चारुशिन लेनिनग्राडच्या प्राणिसंग्रहालयात नेहमी जाई. १८६५ पासूनचं ते जुनं, लहानसं, शहराच्या मधोमध असलेलं संग्रहालय. ८ सप्टेंबर १९४१ ला, वेढा पडला त्या दिवशी, तिथे जर्मन बॉम्ब पडले आणि बेट्टी नावाची हत्तीण मेली. क्रासावित्सा, म्हणजे सुंदरी, नावाची पाणघोडी जगली. तिच्या टाक्यात पाणी नव्हतं. पाण्याविना पाणघोड्याची कातडी फुटते. तिची देखभाल करणारी येव्दोकिया दाशिना रोज नेवा नदीवरून घसरगाडीवर चाळीस बादल्या पाणी ओढून आणायची आणि तिच्या अंगाला कापराचं तेल चोळायची. शहरात तेव्हा माणसं भुकेने रस्त्यात पडत होती. बालविभागातला सर्वात विलक्षण कवी दानिईल खार्म्स त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, तुरुंगातल्या मनोरुग्णविभागात मेला. शहराचं नाव पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं तरी ते संग्रहालय आजही लेनिनग्राडचंच नाव लावतं, ते त्या हिवाळ्यातल्या नोकरांच्या आठवणीसाठी.

चारुशिनला युद्धात त्याच्या जन्मगावी, व्यात्काला हलवलं होतं. गावाचं नाव तोवर किरोव झालेलं. तिथे त्याने युद्धाची पोस्टर्स केली आणि बालवाडीच्या भिंती रंगवल्या. परतल्यावर चिनीमातीच्या कारखान्यासाठी प्राणी घडवले, आणि पुस्तकं चालूच. युद्धानंतरची त्याची चित्रं माझ्या मते थोडी आटोपशीर झाली. ऑफसेट आलं, दगड गेला आणि दगडाबरोबर तो रवाळ काळोखही. शेवटचं काम म्हणून तो पुन्हा 'पिंजऱ्यातल्या बाळां'कडे वळला. फेब्रुवारी १९६५ मध्ये तो वारला. त्याच वर्षी लाइप्झिगच्या आंतरराष्ट्रीय बालपुस्तक प्रदर्शनात त्या चित्रांना सुवर्णपदक मिळालं. त्याचा मुलगा निकिता, ज्याला बापाने लहानपणीच आपल्या गोष्टींत पात्र करून टाकलं होतं, तोही प्राण्यांचाच चित्रकार झाला.

आता ते नाव, रादुगा. १९८२ मध्ये मॉस्कोच्या 'प्रगती प्रकाशना'चा ललित आणि बालसाहित्याचा भाग वेगळा काढून जी सरकारी संस्था केली, तिचं नाव पुन्हा रादुगाच ठेवलं. क्ल्याच्कोशी तिचा संबंध नाही. 'प्रगती' आणि 'रादुगा' ही नावं मात्र मराठी घरांत ओळखीची. मॉस्कोत बसून अनिल हवालदारांसारखे अनुवादक मराठी करत, तिथेच छपाई होई आणि लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून, प्रदर्शनांतून ती पुस्तकं खिशाला परवडेल अशा किमतीत मिळत. जाड कागद, शाईचा एक विशिष्ट वास. घरात कम्युनिस्ट कुणी नसलं तरी पुस्तकं असायची, कारण तेवढ्या पैशांत तेवढी चित्रं दुसरीकडे मिळत नसत. ज्या पिढीने ती पाहिली तिला त्यांतली गोष्ट अनेकदा आठवत नाही. बर्फ आठवतो, अस्वल आठवतं, पांढऱ्या पानाच्या मधोमध एकटंच बसलेलं एखादं पिल्लू आठवतं. जमीन नाही, आकाश नाही. ते पान रिकामं का, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. ते रिकामं ठेवायला कुणी शिकवलं आणि शिकवणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे त्या पुस्तकांत कुठे लिहिलेलं नसे.

१९९१ नंतर गठ्ठे यायचे थांबले. उरलेली पुस्तकं रद्दीत गेली, फुटपाथवर आली, काहींनी जपली. अलीकडे स्कॅन होऊन ती पुन्हा फिरू लागली आहेत. 'प्रगती'च्या पुस्तकांत शेवटच्या पानावर एक छोटी विनंती छापलेली असे. हे पुस्तक, त्याचा अनुवाद आणि त्याची सजावट याविषयी वाचकाचं मत कळलं तर प्रकाशकांना आनंद होईल, अशी. खाली पत्ता: १७, झुबोव्स्की बुलेवार्ड, मॉस्को.